हिस्लॉपसाहेब आणि नागपूरचे दगड

हिस्लॉप कॉलेज नागपुरात कोणाला ठाऊक नाही? पण ज्यांच्या नावाचे हे कॉलेज, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप कॉलेज निघण्याच्या वीस वर्षे आधीच वारले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. कॉलेज १८८३ सालचे, आणि हिस्लॉप गेले १८६३ साली. मधली रजा धरून त्यांनी या भागात साडेअठरा वर्षे काढली. त्या वर्षांचा हिशेब मांडू लागले की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. जे काम करायला म्हणून ते आले, ते त्यांच्या हातून बेताचेच झाले. फावल्या वेळात जे केले, त्याने मात्र या मुलखाचे नाव फार दूरवर नेले.

त्यांचा जन्म १८१७ सालचा, स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या लहानशा गावचा. १८४३ मध्ये तिथल्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. गावचा पाद्री कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, असे ते भांडण. चारशेहून अधिक धर्मोपदेशक आपली घरे, पगार, प्रार्थनामंदिरे सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढले. घरी डोक्यावर छप्पर नाही, आणि अशा वेळी या लोकांनी परदेशातली मिशने मात्र चालू ठेवली! मद्रास फौजेतल्या विल्यम हिल नावाच्या अधिकाऱ्याने नागपूरच्या मिशनसाठी देणगी दिली होती. तिच्या बळावर १८४५ च्या फेब्रुवारीत हिस्लॉप कामठीच्या छावणीत दाखल झाले. त्यांच्या आधी काही जर्मन मिशनरी अमरकंटकाजवळ करंजियाला गोंडांत काम करायला गेले होते; पण १८४२ च्या पटकीने त्यांची वाताहत केली. त्यांतले वाचलेले पुढे हिस्लॉपना येऊन मिळाले.

नागपूर तेव्हा भोसल्यांचे. गादीवर तिसरे रघूजी, सीताबर्डीला इंग्रजांचा रेसिडेंट. १८४६ मध्ये हिस्लॉपनी शहरात शाळा काढली. मुले येऊ लागली ती बायबलासाठी नव्हे, हे उघडच आहे. आईबापांना इंग्रजी हवे होते, साहेबाला श्रोते हवे होते. दोघांनाही दुसऱ्याचा हेतू ठाऊक होता, आणि सौदा बरा चालला होता. तो मोडला बाबा पांडुरंग नावाच्या विद्यार्थ्याने. आपण ख्रिस्ती होणार, असे त्याने जाहीर केले, आणि शहर खवळले. शाळा ओस पडली. दरबाराने इंग्रजांशी झालेल्या तहावर बोट ठेवून आपला प्रजाजन परत मागितला, आणि त्याला दरबाराच्या हवाली करण्यात आले. मिशनने याला धर्मस्वातंत्र्यावरचा घाला म्हटले. शहराने म्हटले, विश्वासाने पाठवलेले पोर फितवले. मला वाटते, दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. हा वाद काही मिटला नाही. शंभर वर्षांनी याच नागपुरात, माजी सरन्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीपुढे तो पुन्हा आला. तिचा अहवाल १९५६ चा.

आता फावल्या वेळाकडे वळू. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी हिस्लॉपच्या मदतीला आले. गावोगाव उपदेशाला जाताना दोघांच्याही नजरा सारख्या जमिनीकडे! सीताबर्डीची टेकडी आपण रोज पाहतो. तिच्यात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये एक मऊसा थर दबलेला आहे. दख्खनचा हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेला लाव्हा. एक लोट येऊन थंड व्हायचा, त्यावर पाणी साचून तळी व्हायची, तळ्यांत गोगलगाई आणि मासे नांदायचे, काठावर झाडे वाढायची. मग दुसरा लोट येऊन सारे झाकून टाकायचा. टाकळीला, म्हणजे आज जी शहराच्या पोटात गेली आहे तीच टाकळी, या दोघांना त्या तळ्यांतले शंख आणि झाडांची फळेसुद्धा दगड झालेली सापडली. त्यांचा निबंध लंडनच्या भूविज्ञान मंडळाच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये छापून आला. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेली एक कवटी रिचर्ड ओवेन यांनी तपासली. डायनॉसोर हा शब्द ज्यांनी प्रचारात आणला तेच हे ओवेन. कवटी निघाली बेडकाच्या एका पुरातन भाऊबंदाची. इथल्या दोन खनिजांना तर हिस्लोपाइट आणि हंटराइट अशी नावेच पडली.

कामठीजवळ सिलेवाड्याच्या वाळूच्या दगडात जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळत. या वनस्पतीचे नाव ग्लॉसोप्टेरिस. हिस्लॉपनी पाठवलेल्या वनस्पतींचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये केले. पुढे असेच थर आफ्रिकेत कारू या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि त्यांतही हेच पान निघाले. योगायोग पाहा. याच फ्री चर्चने १८७५ मध्ये आफ्रिकेत न्यासा सरोवराच्या काठी, म्हणजे आजच्या मलावीत, लिव्हिंग्स्टोनिया मिशन काढले. तिथेही धर्मोपदेशाबरोबर शाळा आणि दवाखाना आलाच. आणि १८८३ मध्ये त्याच चर्चच्या ग्लासगो इथल्या कॉलेजात सृष्टिविज्ञान शिकवणारे हेन्री ड्रमंड सरोवराच्या बाजूला फिरत असताना त्यांना जीवाश्मांनी भरलेले थर दिसले. तेही याच कारू गटातले! एकाच चर्चची माणसे दोन खंडांत हिंडत होती आणि एकाच जुन्या भूमीचे तुकडे त्यांच्या पायांखाली होते. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये हिंदुस्थानातल्या या खडकांना गोंडवन हे नाव दिले. ऑस्ट्रियाचे स्युस यांनी १८८५ मध्ये सबंध प्राचीन भूखंडालाच गोंडवनभूमी म्हटले. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या सामानात ग्लॉसोप्टेरिसचे दगड होते. उपाशी माणसांनी ते ओढत आणले होते.

नाव गोंडांचे, म्हणून त्यांच्याकडे यायला हवे. हिस्लॉप गोंडी शब्द टिपून ठेवीत, चालीरीती लिहून घेत. गोंडांची वंशावळ आणि गाणी जपणारे जे परधान, त्यांच्या तोंडून त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आणि लिंगोने त्यांची सुटका केली, असे ते कथानक. हे सारे कागद तसेच राहिले, कारण लिहिणारा अचानक गेला.

४ सप्टेंबर १८६३. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते. मुक्काम बोरीला. टेंपल आधी परतले. हिस्लॉप गावची शाळा तपासण्यासाठी मागे राहिले. पावसाळ्याचे दिवस, वाटेत नाला चढलेला. रात्री घोडा एकटाच मुक्कामावर आला. वयाची सेहेचाळीस पुरी व्हायला चार दिवस बाकी होते. त्या टाकळघाटला आणि शेजारच्या खापा इथे पुढे नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. लोखंड वापरणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या लोकांची ती वस्ती आणि त्यांची ती दफने. काळ ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातला.

मित्राचे कागद टेंपलनी १८६६ मध्ये नागपुरातच छापून काढले. फोर्साइथ नावाच्या जंगल खात्यातल्या कॅप्टनने १८७१ च्या आपल्या पुस्तकात लिंगोचे गीत इंग्रजी पद्यात बसवले, तेही अमेरिकन कवी लाँगफेलोच्या एका काव्याच्या चालीवर! गोंडीची लय त्यात कुठून उरणार? जगाने हिस्लॉपचे नाव लक्षात ठेवले, गाणाऱ्या परधानाचे नाही. पण ते गीत काही फक्त पुस्तकात राहिलेले नाही. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात कचारगडच्या गुहेकडे दूरदूरचे गोंड आजही येतात, आणि लिंगोची कथा तिथे गोंडीत सांगितली जाते.