डिस्क ब्रेकला तेल-ग्रीस लागलं तर कशाने पुसायचं? डिझेल, पेट्रोल की ब्रेक क्लीनर?

हिंगोली जिल्ह्यात पावसाळा लागला की काळ्या मातीचा चिकट चिखल दुचाकीच्या चाकाला, मडगार्डला आणि चेनला घट्ट बसतो. गाडी धुतली की चेन कोरडी पडते, म्हणून तिला ऑइल मारलं जातं. त्यातलेच चार थेंब मागच्या डिस्कवर उडतात. मग ब्रेक दाबल्यावर आवाज येतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. अशा वेळी ट्रॅक्टरचं डिझेल, टाकीतलं पेट्रोल किंवा जुनं रॉकेल, जे हाताशी असेल त्यानेच डिस्क पुसली जाते. डिस्क चकचकीत दिसते, पण ब्रेक मात्र सुधारत नाही. कधी कधी तर आणखी बिघडतो.

थोडंसं तेल लागलं तर एवढं काय बिघडतं?

डिस्क ब्रेक घर्षणावर चालतो. लिव्हर दाबला की कॅलिपरमधले दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. मध्ये तेलाचा पातळ थर आला तरी पॅड घसरतात. गाडीला एबीएस असलं तरी उपयोग नाही. भारतात 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. पण एबीएसचं काम चाक जाम होऊ न देणं एवढंच आहे. पॅडची पकडच सुटली असेल तर ती एबीएस आणून देऊ शकत नाही.

क्लीनर निवडताना काय पाहायचं?

दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, क्लीनर उडून गेल्यावर मागे काय उरतं? दुसरी, तो रबर, रंग आणि प्लास्टिकला काय करतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर उत्कलनबिंदूत आहे. ॲसिटोन साधारण 56 अंश सेल्सिअसला उकळतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल 82 अंशांच्या आसपास. दोन्ही लवकर उडतात आणि शुद्ध असतील तर मागे काही ठेवत नाहीत. रॉकेल उकळायला साधारण 150 ते 300 अंश लागतात, डिझेलला त्याहून जास्त. म्हणजे डिझेलने पुसणं म्हणजे एक तेल काढून दुसरं लावणं.

कोणता पदार्थ चालेल, कोणता नाही?

• ब्रेक क्लीनर स्प्रे: याच कामासाठी बनवलेला, त्यामुळे सर्वांत सोयीचा. डब्यावर 'ब्रेक क्लीनर' असंच लिहिलेलं हवं. चेन क्लीनर किंवा गंज सोडवणारा स्प्रे वेगळा असतो, त्यात तेल असू शकतं. काही ब्रेक क्लीनर क्लोरीनयुक्त असतात. ते मारलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर अतिशय विषारी वायू तयार होऊ शकतो.

• आयसोप्रोपिल अल्कोहोल: ब्रेक क्लीनर मिळाला नाही तर हा उत्तम पर्याय. 99 टक्के शुद्धतेचं घ्यावं.

• ॲसिटोन: तेल चांगलं काढतं, पण रंग आणि प्लास्टिक विरघळवतं. फक्त कापडावर घेऊन डिस्कपुरतंच वापरावं. नेलपेंट रिमूव्हर त्याच्या जागी चालत नाही, कारण त्यात बऱ्याचदा तेल आणि सुगंध मिसळलेले असतात.

• भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी: हलक्या डागाला चालतं. नंतर भरपूर पाण्याने धुवून डिस्क पूर्ण कोरडी करावी.

• हँड सॅनिटायझर: टाळावं. त्यात अल्कोहोल असलं तरी ग्लिसरीनसारखे पदार्थही असतात आणि ते डिस्कवर राहतात.

• पेट्रोल, डिझेल, रॉकेल: तिन्ही नकोत. पेट्रोल लवकर उडतं, पण त्यातले जड घटक मागे राहतात आणि आगीचा धोका मोठा. शिवाय डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइलवर चालणाऱ्या कॅलिपरची रबरी सील खनिज तेलाने फुगतात. मग पिस्टन अडकतो किंवा ब्रेक ऑइल गळू लागतं.

पुसायचं कसं?

गाडी मेन स्टँडवर लावावी, इंजिन बंद आणि डिस्क पूर्ण थंड असावी. जागा मोकळी, हवेशीर हवी. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ 12 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, मग मे महिन्यातल्या चाळीस अंशांची गोष्टच वेगळी. जवळ विडी-सिगारेट, चूल, ठिणगी काही नको. हातमोजे घालावेत. स्वच्छ सुती कापड ओलं करून डिस्कच्या दोन्ही बाजू पुसाव्यात आणि कापडाची घडी सतत बदलावी. कापडावर काळा डाग उमटणं थांबेपर्यंत पुसत राहावं. चाक हाताने फिरवताना बोटं डिस्कच्या भोकांत आणि चेनमध्ये जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

पॅडला तेल लागलं असेल तर?

पॅडचा मसाला सच्छिद्र असतो, तो तेल शोषून घेतो. नुसता ओघळ लागला असेल तर पॅड काढून, पॉलिश पेपरवर हलके घासून, क्लीनरने पुसून पाहता येतं. त्या वेळी धूळ उडू देऊ नये. तेल आत मुरलं असेल तर पॅड बदलणं हाच उपाय. पॅड पेट्रोल टाकून जाळणं किंवा गॅसवर भाजणं धोक्याचं आहे. त्यात मसाला धरून ठेवणारं रेझिन जळतं आणि मसाला पत्र्यापासून सुटू शकतो. कॅलिपर उतरवलेला असताना ब्रेक लिव्हर दाबू नये, पिस्टन बाहेर येतो.

तेल पुन्हा येत असेल तर?

मग दोष सफाईत नाही. पुढच्या डिस्कवर तेल येत असेल तर शॉकअपचं ऑइल सील पाहावं. कॅलिपरजवळ ओल असेल आणि टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होत असेल तर गळती तिथे आहे, अशी गाडी चालवू नये. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, ते लगेच भरपूर पाण्याने धुवावं. मागच्या डिस्कसाठी सोपा उपाय म्हणजे चेनला ऑइल मारताना डिस्कवर जाड कापड टाकणं आणि जास्तीचं ऑइल पुसून घेणं.

काम झाल्यावर आधी गाडी उभी असतानाच लिव्हर आणि पेडल दाबून पाहावं. ते कडक लागले तरच मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात दहा-वीस वेळा ब्रेक लावावा. तरीही पकड कमी वाटली, तर गाडी हायवेवर न काढता मेकॅनिककडे न्यावी.