भोकरदनची हस्तिदंती बाई आपली कोण?

चीनच्या इनर मंगोलियात 1971 साली एका गावकऱ्याला जेडचा, म्हणजे आपल्या यशबाचा, कोरीव ड्रॅगन सापडला. उंची 26 सेंटिमीटर, वय पाच हजार वर्षांच्या आसपास. आज तो बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्याबद्दल वाचताना मला जालना जिल्ह्यातलं भोकरदन आठवलं.

केळना नदीकाठच्या या गावात 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातले मणी, दागिने निघाले आणि दागिन्यांनी मढलेल्या स्त्रीची एक हस्तिदंती मूर्ती. अभ्यासक चमकले, कारण अशीच मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर. म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथं पोचलेली. पॉम्पेईची बाई भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असावी, असं काहींचं मत आहे. तिच्यावर खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून इतरांना ते पटत नाही. पण आपल्या भागातला माल भडोच बंदरातून पश्चिमेकडे जायचा, हे तर पक्कं. त्या काळच्या एका ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठणचं नाव आहे आणि भडोचहून निघणाऱ्या मालात हस्तिदंतही आहे.

हे सांगितलं की आमच्यातलेच काही विचारतात, "मूर्तीचं आपल्याला काय?" दुसरीकडून प्रश्न येतो, "तुमचा इतिहास तर खिलजीपासून सुरू होतो ना?" दोघांचा हिशेब एकच. मला तो मान्य नाही. आपल्यातले बहुतेक लोक इथलेच. कलमा नंतर आला, माती आधीपासूनची. ज्यांनी हा हस्तिदंत कोरला, त्यांचे वंशज आज कोणत्या मोहल्ल्यात, कोणत्या वाड्यात राहतात, कोण सांगणार? आणि मूर्ती आपली म्हणणं म्हणजे तिची पूजा करणं नव्हे. पॉम्पेईच्या बाईला लोक सर्रास लक्ष्मी म्हणतात, पण ती यक्षी असावी असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

निजामाच्या काळातली भोकरदनची कागदपत्रं आम्ही जपून ठेवतो, ते बरोबरच. पण सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनच्या, म्हणजे याच गावच्या माणसांची नावं कोरलेली आहेत. तीही आमच्याच गावकऱ्यांची.