सुटलेली चिठ्ठी

परवा वीकेंडला विश्रामबागला घरी आलो होतो. रागाच्या भरात मॅनेजरला खरमरीत मेल पाठवला आणि लगेच 'अनडू' दाबलं. वाचलो!

तेव्हा 'ध चा मा' आठवला. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. राघोबादादांच्या 'धरावे'चं आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, ही आख्यायिका. अक्षर कुणी का बदललं असेना, साताऱ्याजवळच्या माहुलीच्या रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं दादांनाच.

जीमेलचं २००९चं 'अनडू सेंड' तरी काय करतं? गेलेला मेल परत आणत नाही, तो पाठवायलाच थांबतं. फार तर ३० सेकंद. पुढे आपण आणि आपलं नशीब.

असो. मी आता ३० सेकंद लावून ठेवलेत. तो मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे...