"मागून काही नसतं, काका"

गेल्या महिन्यात उपनगरातल्याच एका मल्टिप्लेक्समध्ये मराठी पिक्चर बघत होतो. थिएटरचं नाव घेत नाही, पिक्चरचंही नाही. अर्ध्या तासात लक्षात आलं की बाजूचे आणि मागचे स्पीकर मुके आहेत. खात्री करायला उठून भिंतीला लागून उभा राहिलो. काही नाही. मध्यंतरात दारावरच्या पोराला सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "काका, मराठी पिक्चरला मागून काही नसतं."

पोरावर राग नाही. पण हेच वाक्य मी तीस वर्षांपूर्वी एका टॉकीजच्या केबिनमध्येही ऐकलं होतं. तेव्हा "मराठी पिक्चर"च्या जागी "उपनगरातलं पब्लिक" होतं, एवढाच फरक. म्हणून हा मागच्या स्पीकरचा इतिहास लिहितोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात अर्थात 'शोले'पासून. १९७५. आपल्याकडचा पहिला ७० एमएम पिक्चर खरं तर १९६७ चा 'अराउंड द वर्ल्ड', राज कपूरचा, पण लोकांच्या कानात बसला तो 'शोले'. शूटिंग ३५ एमएमवर, मग प्रिंट ७० एमएमवर मोठी केलेली. त्या प्रिंटच्या कडांना टेपरेकॉर्डरच्या फितीसारखे चुंबकीय पट्टे असत, त्यावर सहा वेगळे आवाज. पाच पडद्यामागे, एक प्रेक्षकांच्या मागे-बाजूला. वडील वाकोल्याहून बसने सांताक्रूझ, तिथून ट्रेनने ग्रँट रोड, असं करत लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हाला गेले होते. नाणं उडवल्यावर लोक खुर्चीखाली शोधायचे, असं ते मरेपर्यंत सांगत. खरंखोटं देव जाणे. आईने मात्र तोच पिक्चर उपनगरात ३५ एमएमवर पाहिला. तिला नाण्याचं कौतुक कधीच कळलं नाही, कारण तिच्यासाठी सगळा आवाज पडद्यामागच्या एकाच जागेवरून आला होता.

चुंबकीय प्रिंट महाग, आणि चालवून चालवून आवाज झिजायचा. त्यावर डॉल्बीने सत्तरच्या दशकात जी युक्ती काढली ती मला आजही थक्क करते. साध्या ३५ एमएम प्रिंटवर आवाजाच्या दोनच रेघा, पण त्यात चार आवाज भरलेले: डावा, मधला, उजवा, मागचा. मधला आवाज दोन्ही रेघांमध्ये सारखाच. मागचाही दोन्हीत, पण एकमेकांच्या उलट: एका रेघेत लाट वर तेव्हा दुसरीत खाली. केबिनमधला डीकोडर बघतो, दोन्हीकडे सारखं आहे ते मधल्या स्पीकरला, उलट आहे ते मागच्याला. प्रिंट जुन्या थिएटरातही चालते, वेगळी काढावी लागत नाही. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ही पद्धत जगभर नेली. आपल्याकडे १९९४ चा '१९४२: अ लव्ह स्टोरी' हा डॉल्बी स्टिरिओतला पहिला हिंदी पिक्चर म्हणून ओळखला जातो.

आता यातली मेख बघा. डीकोडर नसलेल्या मोनो टॉकीजमध्ये दोन्ही रेघा एकत्र वाचल्या जातात. उलट लाटा एकत्र आल्या की काय होतं? एकमेकींना खातात. म्हणजे मागचा आवाज पुढे यायचा असं नाही, तो नाहीसाच व्हायचा. शहरातल्या थिएटरात पाऊस पाठीवर पडायचा आणि आमच्याकडे तो जवळपास पडायचाच नाही. तिकीट काढलेलं, प्रिंट तीच, पिक्चरचं नाव तेच.

त्या काळात मी अ‍ॅम्प्लिफायर बसवायची कामं करायचो, लॅमिंग्टन रोडवरून माल आणून. एका टॉकीजच्या केबिनमध्ये ऑपरेटरला हे समजावत होतो, तेव्हा मालक मागून म्हणाले, "इथल्या पब्लिकला मागून काय ऐकायचंय?" वाद घातला नाही. पुढचं कामही त्यांच्याकडचंच होतं.

मग डिजिटल आलं, तेही तीन तऱ्हांनी. डॉल्बी डिजिटलने (१९९२, 'बॅटमॅन रिटर्न्स') फिल्मच्या भोकांमधल्या जागेत ठिपके छापले. सोनीने दोन्ही कडांवर. डीटीएसने (१९९३, 'जुरासिक पार्क') आवाज फिल्मवर ठेवलाच नाही. तो सीडीवर, आणि फिल्मवर फक्त वेळेच्या खुणा. तीनमध्ये मला डीटीएस आवडायचा. आवाज कमी दाबलेला, आणि भाषा बदलायची तर डिस्क बदला. या सगळ्यांत डावा-उजवा-मधला-मागचा आवाज स्वतंत्र असतो, उलटसुलट लाटांचा खेळ नाही. पण प्रत्येकाला वेगळा वाचक, वेगळं यंत्र.

हे यंत्र कोण घेणार? २००१ नंतर राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीची वर्षं करमणूक करात घसघशीत सूट दिली. एकपडदा टॉकीज कर भरत राहिल्या. धोरणाचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, थिएटरं चांगली झालीच. पण चांगल्या आवाजाचा खर्च काही अंशी सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्या खिशातून गेला, हे लक्षात ठेवायला हवं.

(एक विषयांतर. आपल्याकडे "डॉल्बी" म्हटलं की लोकांना मिरवणुकीतली भिंत आठवते, पोलीस "डॉल्बीमुक्त गणेशोत्सव" म्हणतात. रे डॉल्बी नावाच्या माणसाने कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. नाव लागलं गोंगाटाला!)

घरात काय झालं? डीव्हीडी आली. गंमत म्हणजे डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलला सेकंदाला ४४८ किलोबिटपर्यंत जागा मिळायची, थिएटरच्या फिल्मवर ३२०. कागदावर घर जिंकलं. प्रत्यक्षात हजारो वॅट "पीएमपीओ" लिहिलेले पाच डबे टीव्हीच्या टेबलावर एका ओळीत मांडलेले, मागचे दोनही पुढेच. दहा बाय बाराच्या खोलीत मागे ठेवणार कुठे, मागे कपाट.

आज तक्रार वेगळी: "ओटीटीवर संवाद ऐकू येत नाहीत." ५.१ मध्ये संवाद बहुतेक मधल्या स्पीकरवर असतात. तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर असतील तर तो बाकीचे आवाज त्यातच कोंबतो आणि माणसं पुटपुटतात. त्यात बाहेर हायवे आणि डोक्यावर विमान. उपाय फुकट आहे: ऑडिओमध्ये ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा, आणि टीव्हीत "नाइट मोड" असेल तर तो लावा. सहा जणांच्या घरी करून दिलंय, पाच जणांचं भागलं.

२०१२ मध्ये अ‍ॅटमॉस आलं आणि विचारच बदलला. आधी आवाज स्पीकरला नेमून दिलेला असे. आता आवाजाला जागा नेमतात, "हे पाखरू इथून तिथे उडालं", आणि कुठला स्पीकर वाजवायचा ते थिएटरमधलं यंत्र तिथल्या तिथे ठरवतं. १२८ आवाज, ६४ स्पीकरपर्यंत. घरच्या साउंडबारवरही तेच नाव असतं. तो आवाज छतावर आपटून खाली आणतो, त्याला सपाट, टणक छत लागतं. आमच्या गल्लीत अर्धी छतं पत्र्याची आहेत, तेव्हा पैसे जपून.

आता त्या पोराच्या वाक्याकडे येतो. मराठीत मागून काही नसतं? 'ख्वाडा'ला ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रीकरणाच्या जागी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. धनगराच्या वाटेवर जाऊन आवाज पकडणारी माणसं आपल्यात आहेत. सरकार मराठी पिक्चरला दर्जा ठरवून अनुदान देतं. २०१५ मध्ये प्राइम टाइमचा वाद झाला, तेव्हा सगळी चर्चा कुठल्या वेळेला पडदा मिळणार यावर झाली. कुठला पडदा, हे कुणी विचारलं नाही. माझा अनुभव असा की मराठीला बहुतेक वेळा सर्वांत छोटा पडदा मिळतो. डॉल्बीच्या प्रोसेसरवर आवाजाचा आकडा ७ ठेवला की मिक्सिंग स्टुडिओत होता तेवढा आवाज मिळतो. जाहिराती कर्कश म्हणून अनेक ठिकाणी तो ५ वर आणतात आणि पिक्चरही तसाच चालवतात. मग लोक म्हणतात, मराठीवाल्यांना साउंड करता येत नाही.

मागणी साधी आहे. तिकीटखिडकीवर प्रत्येक पडद्याची ध्वनिपद्धत लिहा. अनुदान घेतलेला पिक्चर लागला की पहिल्या खेळाआधी सगळे स्पीकर वाजवून बघा. गुलाबी खरखरीचा टेस्ट आवाज यंत्रातच असतो, दहा मिनिटांचं काम आहे. मी त्या थिएटरला तसं लेखी कळवलंय, अजून उत्तर नाही. आलं की इथेच टाकतो.

आणि सांताक्रूझ, पार्ले, कुर्ला भागातल्या जुन्या टॉकीजमध्ये कुणाचे वडील-काका ऑपरेटर होते का? त्यांच्या केबिनमध्ये डीकोडर कोणत्या साली आला, की आलाच नाही, एवढं विचारून सांगा.