वन्य मांसभक्षकांतील कीटकवाहित परजीवी रोग

गोचीड, घोडमाशी यांसारख्या रक्त पिणाऱ्या जीवांमार्फत बिबट्या, वाघ, कोल्हा इत्यादी प्राण्यांच्या रक्तात शिरणाऱ्या एकपेशीय परजीवींमुळे होणारे रोग. (गोचीड प्राणिशास्त्रानुसार कीटक नव्हे, अष्टपाद, तरी तिची गणना येथेच होते.)

बॅबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो; ताप, पांडुरोग व कावीळ होते. त्याची ‘गिब्सोनी’ ही जाती पॅटन यांनी 1910 मध्ये मद्रासकडील शिकारी कुत्र्यांत व कोल्ह्यांत नोंदवली. म्हणजे पाळीव कुत्रे आणि रानचा कोल्हा यांचे हे दुखणे पहिल्या नोंदीपासून सामाईक आहे. हेपॅटोझून या दुसऱ्या परजीवीची तऱ्हा वेगळी: गोचीड चावल्याने नव्हे, ती गिळली गेल्याने तो पसरतो. सर्रा हा ट्रिपॅनोसोमा या परजीवीचा रोग घोडमाशा पसरवतात; बाधित जनावराचे ताजे मांस खाल्ल्यानेही तो होऊ शकतो. 2000 साली ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात त्याने डझनभर वाघ दगावले. 2018 मध्ये गीरच्या सिंहांत बॅबेसिया व श्वान-डिस्टेंपर विषाणू एकत्र आढळले. विषाणूने प्रतिकारशक्ती खचली की एरवी दबून असलेला परजीवी उसळतो.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हा धोका दूरचा मानू नये. बदलापूरजवळ बारवी धरणाभोवती जंगल आहे आणि वस्ती त्याला भिडत चालली आहे. अशा सीमेवर बिबट्या भटके कुत्रे खातो, आणि कुत्र्याबरोबर त्याच्या अंगावरच्या गोचिडीही. म्हणून येथे कुत्र्यांचे गोचीडनियंत्रण व डिस्टेंपरची लस हेच वन्यजीवरक्षणाचे पहिले काम ठरते.