अण्णांचं इंजिनघर

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि दोन वर्षांनी आमच्या मळ्यात इंजिन आलं. तोवर मोटच होती. पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनाचा कारखाना १९४६ सालीच निघालेला, पण अण्णांनी आणलं ते राजकोटचं, विलायती लिस्टरच्या धर्तीचं. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे. दोन्ही अंगाला जड चाकं. हँडल मारताना चुकलं की मनगट गेलंच.

पंप पाणी लांब ढकलतो, पण ओढताना वीस-बावीस फुटांवर त्याचा दम सरतो. म्हणून इंजिन गंगेच्या दरडीच्या पोटात बसवावं लागलं. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) भोवती तुराट्यांचा कूड, वर पाचट, आणि धुराची नळी त्या पाचटातूनच बाहेर. पहिल्याच उन्हाळ्यात नळी तापून सगळं पेटलं. मग अण्णांनी दगडमातीच्या भिंती घातल्या, वर पत्रा टाकला, पत्र्याला नळीपेक्षा मोठं भोक पाडलं आणि नळीला ॲस्बेस्टॉसचा दोर गुंडाळला. त्या दोराचा भुगा छातीला घातक, हे तेव्हा कुणाला ठाऊक? आम्ही पोरं तुटक्या दोराशी खेळायचो.

आगीची काळजी झाली, आवाजाची कुणाला सुचली नाही. रात्रभर इंजिन चाले आणि अण्णा त्याच्या उशालाच झोपत. ठोका बदलला की जागे होत. एका हिवाळ्यात मी शहाणपणा केला. खिडकीला पोती ठोकली, दार लोटलं. आवाज दबला खरा, पण तासाभरात इंजिन काळा धूर ओकायला लागलं आणि अण्णांना चक्कर आली. मायनं पोती ओढून काढली. इंजिनालाही श्वास लागतो, हे मला तेव्हा कळलं. पुढं पन्नाशी ओलांडेतो अण्णांना हाक ऐकू येईना. मायनं इंजिनाला दोष दिला, अण्णांनी वयाला.

वीज आली, मोटार बसली, इंजिन पडून राहिलं. लोडशेडिंगच्या दिवसांत परत त्याची आठवण झाली, तेवढ्यात २००६ च्या ऑगस्टात जायकवाडीतून पाणी सुटलं आणि गंगेनं इंजिनघर नेलं. इंजिन तेवढं फाउंडेशनच्या बोल्टांनी धरलं म्हणून गाळात राहिलं. अडकलेला पिस्टन मोकळा करायला डिझेल ओतून चार दिवस लागले.

त्याच सुमारास मुंबईला गेलो होतो. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचनं निघालो, तर पायाखाली ओळखीची धडधड. तांडेलाला विचारून इंजिनाच्या खोलीत डोकावलो. धुराच्या नळीला जाड पट्ट्या गुंडाळलेल्या, लाकडाच्या अंगाला लोकरीसारखा थर आणि त्यावर पत्रा, हवा आत यायला वेगळं नळकांडं. आग, आवाज, श्वास, तिन्हींची सोय एवढ्याशा जागेत! मला आमची पोती आठवली.

गावी येऊन विटांच्या दोन भिंती घातल्या, मधल्या चार बोटं पोकळीत वाळू भरली. पत्र्याखाली काचलोकर. खाली एक झरोका गार हवेला, वर एक गरम हवा जायला. धूर जमिनीतल्या विटांच्या खड्ड्यात सोडून मग वर काढला. दोरही बदलला, ॲस्बेस्टॉसचा नाही घेतला.

चालू केलं त्या दिवशी अण्णांना काठीच्या आधारानं आणलं. ते बाहेर उभे राहिले, भिंतीवर तळवा टेकवला, डोळे मिटले.

"चालू हाय," म्हणाले. "पण ठोका मागं पडायलाय. वॉल बघ."

वॉलची फट खरंच जास्त निघाली.