ठराव आणि ओंजळ

सोसायटी म्हटली की ठराव आलेच. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ‘सर्वानुमते मंजूर’, मग चहा-बिस्किटं आणि घरी. पुढे तो ठराव रजिस्टरमध्ये निवांत झोपतो. पंचवीस वर्षांत असे किती झोपले, ते आपण सगळे जाणतोच! रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने अशाच एका ठरावाची गोष्ट सांगावीशी वाटते. समाजभान कसं जागं होतं, हे त्यातून कळतं.

गोष्ट पाण्याची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या काळात हे फार मोठं धाडस होतं. पण सार्वजनिक विहिरी आणि तळी बंदच राहिली. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला, की सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांनाही वापरू द्याव्यात. ठराव मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही आपलं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदोपत्री काम फत्ते!

प्रत्यक्षात काय? तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, माणसांना मात्र मनाई कायम.

२० मार्च १९२७ रोजी हे बदललं. महाडच्या परिषदेला जमलेले हजारो लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे शिस्तीत चालत तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी घेतलं. झोपलेला ठराव त्या ओंजळीने जागा झाला.

किंमतही मोजावी लागली. ते आता देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि परिषदेला आलेल्यांवर लाठ्या-काठ्या घेऊन हल्ला झाला. उलट हात उचलायचा नाही, असं बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितलं. नंतर शेण, गोमूत्र, दही, दूध तळ्यात ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. तळं खाजगी आहे म्हणत काही मंडळी कोर्टात गेली. अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षं!

हा लढा ज्यांचा हक्क होता त्यांनीच लढला, हे विसरून चालणार नाही. पण त्यांच्यासोबत सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे अशी मंडळीही होती. यांना तळ्यावर जायला कोणी अडवलं नव्हतं. गप्प बसले असते तर त्यांचं काहीच बिघडत नव्हतं. तरी ते उभे राहिले आणि आपल्याच माणसांचा रोष त्यांनी पत्करला. स्वतःला झळ लागत नसताना दुसऱ्याचा अपमान आपल्याला सलतो, तिथे समाजभान सुरू होतं.

आज अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे. पण कितीतरी घरांत कामवाल्या मावशींचा कप अजून खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. जिने झाडणाऱ्या माणसाला पाणी हवं असेल तर कोणाची बेल वाजवावी, असा प्रश्न त्याला पडतो. उन्हातून चार मजले चढून पार्सल आणणाऱ्या पोराला आपण ओटीपी सांगतो, पाणी विचारतो का?

हे कप काही कुठल्या उपविधीत लिहिलेले नाहीत, त्यामुळे ठराव करून ते हटणारही नाहीत. ज्याने-त्याने आपल्या स्वयंपाकघरातच ते बदलायचे आहेत. राहिला गेटपाशी एक पिण्याच्या पाण्याचा नळ. तेवढ्यासाठी पुढच्या जनरल बॉडीची वाट कशाला बघायची?